रिकाम्या रानाची गोष्ट

शाळामास्तराने वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट शेवटी त्याची स्वतःचीच होऊन बसते. ती कोठे वाचली, कोणाकडून ऐकली, हे तो विसरून जातो. कोणत्या वाक्याला मुलांचे डोळे मोठे होतात एवढे मात्र त्याला पक्के ठाऊक असते. मजजवळ अशा दहाबारा गोष्टी आहेत. त्यांतली एक अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाची. भूगोलाच्या तासाला ज्वालामुखी आणि गरम पाण्याचे झरे हा भाग आला, की मी पुस्तक मिटून ती सांगत असे.

गोष्ट अशी. १८७० सालच्या ऑगस्ट महिन्यात काही गृहस्थ घोड्यांवर बसून एका अनोळखी मुलखात शिरले. तेथे जमिनीतून उकळत्या पाण्याची कारंजी उडत होती, चिखल खदखदत होता, नद्यांतून वाफा निघत होत्या. हे सारे पाहून परतताना, १९ सप्टेंबरच्या रात्री, दोन नद्यांच्या संगमावर त्यांनी शेकोटी पेटविली. एकजण म्हणाला, ही जमीन आपण आपसांत वाटून घेऊ. उद्या प्रवासी येतील, पैसा होईल. तेव्हा कॉर्नेलियस हेजिस नावाचा वकील म्हणाला की ही जागा कोणा एकाच्या मालकीची होता कामा नये, ती साऱ्या देशाची राहिली पाहिजे. सर्वांना ते पटले. दीड वर्षात, १ मार्च १८७२ रोजी, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी कायद्यावर सही केली आणि जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जन्माला आले. गोष्ट संपली, की मी मुलांना विचारी, "तुम्ही त्या शेकोटीपाशी असता, तर काय केलं असतं?" मुले एका सुरात म्हणत, "सगळ्यांना दिलं असतं!" मास्तराला आणखी काय हवे?

माझी शाळा वारणेच्या खोऱ्यात आहे. गावाला लागून एक वसाहत आहे. चांदोलीच्या जंगलातून उठवून आणलेल्या माणसांची. एके वर्षी त्या वसाहतीतली एक मुलगी सहावीत होती. फार न बोलणारी. मी गोष्ट संपवून नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा तिने उत्तर दिले नाही, उलट मलाच विचारले, "गुरुजी, तिथं कोण राहतच नव्हतं?"

"नाही बाळ," मी म्हटले, "निर्मनुष्य रान होतं ते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या गावाला बी आता लोक रानच म्हणत्यात."

वर्ग हसला. मीही हसलो. तास संपल्याची घंटा झाली, आणि मी खडू ठेवून बाहेर पडलो. ते हसणे पुढे मला फार दिवस टोचत राहिले.

तेव्हा ती जागा आपण एकदा पाहावी, असे मनात घोळत होते. माझा धाकटा भाऊ सॉल्ट लेक सिटी या गावी नोकरीस आहे. त्याने बरीच वर्षे आग्रह केल्यावर एका उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याच्याकडे गेलो. आमचा यलोस्टोनचा बेत त्याने आधीच आखला होता. त्याने वाचनालयातून त्या उद्यानाच्या इतिहासावरची पुस्तके आणून ठेवली होती. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पण शब्दकोश उशाशी घेऊन आठवडाभर मी ती वाचली. वाचता वाचता माझी गोष्ट हातातून वाळूसारखी निसटू लागली.

मे महिन्याच्या अखेरीस, भल्या सकाळी आम्ही पश्चिमेच्या दरवाजाने उद्यानात शिरलो, तेव्हा पाऊस पडत होता. आपल्याकडच्या वळिवासारखा कडाडून येणारा नव्हे. बारीक, गार, न थांबणारा. मध्येच त्याचे बर्फाचे कण होत आणि काचेवर टपटपत. आमच्या शिराळ्याकडच्या पावसात वाढलेल्या माणसाला पावसाचे काय, असे म्हणून मी निघालो होतो. पण अर्ध्या तासातच भावाची जाड बंडी अंगात चढविली.

"दादा, आज काही दिसायचं नाही बघ," भाऊ कुरकुरला.

"दिसेल तेवढं बघू," मी म्हणालो.

आणि दिसलेच. मॅडिसन नदीच्या काठाने रस्ता जातो. एका वळणावर मोटारींची रांग थांबली होती, कारण रस्त्यावरून बायसनांचा कळप चालला होता. साहेबांच्या वेळेपासून आपल्या गव्यालाही पुष्कळजण बायसन म्हणतात. पण हे जनावर निराळे. पुढचा भाग अवाढव्य, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, मानेवर आणि हनुवटीखाली काळपट केसांचे जंगल. मागचा भाग मात्र त्या मानाने बारीक. पावसाने त्यांच्या लोकरीतून पाणी निथळत होते आणि श्वासाची वाफ निघत होती. आयांच्या पायांत नुकती जन्मलेली, विटेच्या रंगाची वासरे लुटुलुटु चालत होती. आमच्या काचेपासून हातभर अंतरावरून एक नर गेला. त्याने आमच्याकडे पाहिलेही नाही. पंचवीस यार्डांच्या आत या जनावराजवळ जाऊ नये असा तेथे नियम आहे. पण तेच जवळ आले तर माणसाने करायचे काय? आम्ही गुपचूप बसून राहिलो.

पुढे थोड्याच अंतरावर फायरहोल आणि गिबन या दोन नद्या मिळतात आणि मॅडिसन नदी होते. हाच तो संगम, माझ्या गोष्टीतला. मी भावाला गाडी थांबवायला सांगितली. पावसात भिजलेले गवताळ मैदान, मागे कडा, आणि पाण्यावर धुके. शेकोटीची जागा मी मनाशी ठरवू लागलो. परंतु पुस्तकात वाचलेले मन तसे करू देईना.

कारण ती शेकोटीवरची चर्चा झाली होती की नाही, हाच प्रश्न आहे. ती जगापुढे आली ती नॅथॅनिएल लँगफर्ड या त्या मोहिमेतील गृहस्थाच्या पुस्तकातून, आणि ते पुस्तक निघाले १९०५ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. मोहिमेतील अनेकजण रोजनिशी लिहीत होते. खुद्द हेजिसही लिहीत असे. परंतु त्या रात्रीच्या नोंदीत राष्ट्रीय उद्यानाचा उल्लेख सापडत नाही. हे शोधून काढणारा मनुष्य कोणी बाहेरचा टीकाकार नव्हता. ऑब्री हेन्स हा उद्यानाचाच इतिहासकार. १९६० नंतरच्या दशकात त्याने कागद तपासले आणि आपल्याच खात्याची लाडकी कथा संशयास्पद ठरविली. त्याच्या वरिष्ठांना हे आवडले नाही. त्या संगमावर या प्रसंगाचा नाट्यप्रयोगही काही वर्षे होत असे. पुढे तो बंद पडला.

मग उद्यानाची कल्पना निघाली कोठून? तिला बरेच धागे आहेत. पण एक धागा लोखंडाचा आहे. नॉर्दर्न पॅसिफिक ही रेल्वे त्या बाजूने न्यावयाची होती. तिच्यासाठी भांडवल गोळा करणारा सावकार जे कुक. मोहिमेपूर्वी लँगफर्ड त्याला भेटून आला होता आणि मोहिमेनंतर त्याच्याच पैशाने व्याख्याने देत फिरत होता. पुढच्या वर्षी, १८७१ साली, फर्डिनंड हेडन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सरकारी पाहणी झाली. त्याच्याबरोबर विल्यम जॅक्सन हा छायाचित्रकार आणि टॉमस मोरान हा चित्रकार होता. या जागेचे सरकारी उद्यान करावे अशी शिफारस करण्याची सूचना हेडनला पत्राने आली, ती कुकच्याच कचेरीतून. जमिनीचे तुकडे पडून ती शंभर मालकांच्या हाती जाण्यापेक्षा सारी सरकारकडे राहिली, तर रेल्वेला प्रवाशांची एकच मोठी जत्रा मिळणार, हा हिशेब. जॅक्सनची छायाचित्रे आणि मोरानची चित्रे पाहून कायदेमंडळ भारावले. मोरानचे एक भव्य चित्र तर त्यांनी दहा हजार डॉलर देऊन विकत घेतले. कुकचे दिवाळे १८७३ साली वाजले, पण रेल्वे दहा वर्षांनी उद्यानाच्या उंबरठ्याशी आलीच.

हे वाचून मी फारसा खट्टू झालो नव्हतो. चांगली गोष्ट पुष्कळदा मिश्र हेतूंनी होते, हे चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही. जे टोचले ते निराळेच. त्या मोहिमेबरोबर लष्कराची एक लहान तुकडी होती आणि तिचा प्रमुख लेफ्टनंट गुस्टाव्हस डोन. याच डोनने त्याच वर्षीच्या २३ जानेवारीला मरायस नदीकाठच्या एका वस्तीवरील हल्ल्यात भाग घेतला होता. वस्ती ब्लॅकफीट लोकांपैकी पीगन जमातीची. तिचा प्रमुख हेवी रनर याच्याशी सरकारचे वैर नव्हते. वस्तीत देवीची साथ होती. कडाक्याच्या थंडीत पहाटे गोळीबार झाला. लष्कराच्या हिशेबाने १७३ माणसे मेली, त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. या प्रसंगातील आपल्या कामगिरीचा डोनला पुढेही अभिमान वाटे. आठच महिन्यांनी हा गृहस्थ या मैदानावर तंबू ठोकून होता. माझ्या गोष्टीतल्या शेकोटीपाशी तोही होता, आणि मी वर्षानुवर्षे त्याला मुलांपुढे सज्जन म्हणून उभा करीत आलो होतो.

आम्ही फायरहोल नदीच्या काठाने दक्षिणेकडे निघालो. वाटेत एक ओढा लागतो. त्याचे नाव नेझ पर्स ओढा. पावसाने तो गढूळ होऊन वाहत होता. नावाची पाटी वाचून मी पुन्हा गाडी थांबवायला सांगितली तेव्हा भाऊ म्हणाला, "इथं तर काहीच नाही, दादा!" खरेच काही नव्हते, दोन बायसन चरत होते तेवढेच.

नेझ पर्स हे तेथून पश्चिमेकडच्या दऱ्याखोऱ्यांतले लोक, घोड्यांची निपज करण्यात निष्णात. त्यांच्या मुलखात सोने सापडले आणि १८६३ च्या तहाने त्यांच्या जमिनीचा नव्वद टक्के भाग काढून घेण्यात आला. पुष्कळ टोळ्यांनी त्या तहावर सही केली नव्हती. १८७७ साली त्यांना राखीव प्रदेशात जाण्याचा निर्वाणीचा हुकूम मिळाला, चकमक उडाली, आणि सुमारे आठशे माणसे दोन हजार घोड्यांसह चालू लागली. मागे लष्कर, बरोबर बायकामुले आणि जखमी. ऑगस्टअखेर ते या उद्यानातून, याच ओढ्याच्या काठाने, डोंगर चढून पलीकडे गेले. उद्यान तेव्हा पाच वर्षांचे होते आणि त्यात हौशी प्रवासी मुक्कामाला होते. कॉवन नावाच्या एका दांपत्याची मंडळी २४ ऑगस्टच्या सकाळी त्यांच्या हाती सापडली. तो त्या दांपत्याच्या लग्नाचा वाढदिवस होता. चिडलेल्या तरुणांनी जॉर्ज कॉवनला गोळ्या घातल्या आणि मेला म्हणून सोडून दिले. तो मेला नाही. रांगत रांगत वाचला. त्याची पत्नी एमा, तिची धाकटी बहीण आणि भाऊ यांना मात्र त्या लोकांनी घोडी देऊन परत पाठविले. त्या धामधुमीत दोघे प्रवासी प्राणास मुकले. पुढे ५ ऑक्टोबरला, कॅनडाची सरहद्द अवघी चाळीस मैल राहिली असता, चीफ जोसेफने शरणागती पत्करली. या लोकांना परत मुलखात पाठविण्याऐवजी दूर दक्षिणेकडील उष्ण प्रदेशात नेण्यात आले. जोसेफ १९०४ साली वारला, तोवर आपल्या खोऱ्यात राहायला जाणे त्याच्या नशिबी आले नाही.

एकाच ओढ्याच्या काठी एकीकडे सहलीचे तंबू आणि दुसरीकडे घरदार सुटलेल्या माणसांची रांग! ही गोष्ट माझ्या भूगोलाच्या तासात कधी आली नव्हती.

पुढे मिडवे या ठिकाणी आम्ही उतरलो. तेथील ग्रँड प्रिझमॅटिक हा झरा तीनशे फुटांच्या आसपास रुंद. मध्ये निळाभोर, कडेला पिवळा, नारिंगी, तांबूस. त्याची चित्रे मी वर्गात भिंतीला लावली आहेत. परंतु गार पावसात त्याच्यावर वाफेचा असा दाट पडदा होता, की फळ्यांच्या वाटेवरून चालताना मला फक्त पायांजवळचे नारिंगी पाणी दिसले. भावाची कुरकुर खरी ठरली. आपल्याकडे वज्रेश्वरी किंवा राजापूरजवळचे उन्हाळे पाहिलेल्या माणसाला प्रथम वाटते, येथे कुंड कोठे, देऊळ कोठे, आंघोळ कोठे करायची? येथे आंघोळ करू देत नाहीत, आणि वाट सोडून पाऊल टाकावे तर वरचा पापुद्रा मोडून माणूस उकळत्या पाण्यात जाईल. हे रंग म्हणजे जिवाणूंचे थर. ज्या उष्णतेत जीव टिकणार नाही असे शास्त्रज्ञ मानीत, तेथे १९६६ साली टॉमस ब्रॉक आणि त्याचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना या भागातील एका झऱ्यात जिवाणू सापडला. उष्णतेत न बिघडणारे त्याचे एक विकर पुढे पीसीआर या तपासणीच्या उपयोगी पडले, आणि ती पद्धत शोधणाऱ्या कॅरी मलिसला १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२० च्या साथीत आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात नाकात काडी घालून ज्या तपासणीसाठी आम्ही रांगा लावल्या, तिचे मूळ असे या वाफेत आहे.

ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध कारंज्यापाशी आम्ही पाऊण तास बाकावर भिजत बसलो. ते साधारण दीड तासाच्या अंतराने उडते. पूर्वी हे अंतर कमी होते. १९५९ च्या भूकंपानंतर ते वाढत गेले. आपण न्हाणीघरातल्या यंत्राला गीझर म्हणतो, तो शब्द अशाच कारंज्यांचा, मूळ आइसलँडमधला. जमिनीखाली तापलेला खडक, वरून मुरलेले पाणी, आणि मध्ये अरुंद नळी. खालच्या पाण्यावर वरच्या पाण्याचे ओझे असल्याने ते उकळू शकत नाही, नुसते तापत जाते. अखेर काही बुडबुडे वरचे थोडे पाणी बाहेर लोटतात, ओझे हलके होते, आणि झाकण उडालेल्या कुकरप्रमाणे सारे पाणी एकदम वाफ होऊन झेप घेते. ते उडाले तेव्हा आकाशही पांढरे आणि कारंजेही पांढरे; कोठे एक संपते आणि दुसरे सुरू होते ते कळेना. पण तो आवाज, जमिनीच्या पोटातून आलेला तो सुस्कारा, अजून कानात आहे.

बसल्या बसल्या मी भावाला ट्रुमन एव्हर्ट्सची हकीगत सांगितली. १८७० च्या त्याच मोहिमेतला हा चोपन्न वर्षांचा गृहस्थ वाट चुकला, घोडाही सुटून पळाला. सदतीस दिवस तो एकटा होता. एका काटेरी झुडपाची मुळे गरम झऱ्यात शिजवून खाई, थंडीपासून वाचण्यासाठी झऱ्यालगतच्या उबदार जमिनीवर झोपे. एकदा तो पापुद्रा मोडून भाजलाही. सापडला तेव्हा हाडांचा सापळा उरला होता. "निर्मनुष्य रानात आणखी काय होणार?" असे भाऊ म्हणाला. मी म्हटले, "त्याला रान माहीत नव्हतं म्हणून तसं झालं. ज्यांना माहीत होतं, ते इथं पिढ्यान् पिढ्या राहत होते."

ते कसे, याचा पुरावा दुपारनंतर पाहिला. परत उत्तरेकडे येऊन, नॉरिसवरून पुढे गेले, की रस्त्याच्या कडेला काळ्या, काचेसारख्या खडकाचा कडा लागतो. ही ज्वालामुखीची काच. हिच्या पात्यांची धार पोलादालाही लाजवील. हजारो वर्षे माणसे येथून हा दगड नेत होती. दोन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या ओहायोतील जुन्या टेकाडांतही या कड्याचा दगड सापडला आहे. या प्रदेशात माणसाचा वावर सुमारे अकरा हजार वर्षांचा. आज सत्तावीस जमाती या भूमीशी आपले नाते सांगतात. त्यांतील तुकुदिका, म्हणजे डोंगरी मेंढ्यांवर गुजराण करणारे शोशोनी, तर याच डोंगरांत राहत. मेंढ्यांच्या शिंगांपासून ते बळकट धनुष्ये करीत. उद्यान झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांना दूरच्या राखीव प्रदेशांत हलविण्यात आले. दुसरा अधीक्षक फिलेटस नॉरिस याला प्रवाशांसाठी निर्धोक उद्यान हवे होते. आदिवासी या वाफांना भितात, म्हणून ते येथे फिरकतच नसत, असेही तो सांगे. पुढच्या प्रवाशांना ते पटले. माझ्यासारख्या मास्तरांनाही पटले. 'निर्मनुष्य' हा शब्द मी फळ्यावर लिहीत होतो, त्याची शाई या खटपटीतून आली होती.

असे असले तरी, येथे थांबून उद्यानाला नावे ठेवून मोकळे होणे हेही खोटेपणाचेच झाले असते. कड्याच्या पुढे एक मोठे ओले मैदान आहे. तेथे पावसात वीसपंचवीस माणसे तिपाईवर दुर्बिणी लावून उभी होती. एका वृद्ध बाईने न विचारता मला आपल्या दुर्बिणीपाशी बोलाविले. पाहिले तर दूर, बर्फाच्या रेषेखाली, एक करडे अस्वल जमीन उकरीत होते. मागे दोन पिल्ले. त्या बाईने बोटाने दक्षिणेकडे दाखवून सांगितले की सकाळी तेथे लांडगेही होते. आम्हाला ते दिसले नाहीत. पण ते आहेत हेच नवल. कारण उद्यानातील उरलेले लांडगे १९२६ पर्यंत उद्यानाच्याच माणसांनी मारून संपविले होते. १९९५ आणि १९९६ साली कॅनडातून एकतीस लांडगे आणून सोडले, त्यांची ही प्रजा.

बायसनांचे तर याहून थोडक्यात निभावले. कायदा झाला तरी शिकाऱ्यांना शिक्षा नव्हती, पहारा नव्हता. १८८६ साली लष्कराची तुकडी तात्पुरती म्हणून आली आणि बत्तीस वर्षे राहिली. मॅमथ येथील त्यांच्या दगडी इमारती अजून उभ्या आहेत. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या हिरवळीवर एल्क हरणांच्या माद्या पावसात रवंथ करीत बसल्या होत्या. १८९४ च्या मार्च महिन्यात एडगर हॉवेल हा चोरटा शिकारी मारलेल्या बायसनांसह पकडला गेला. त्याला उद्यानाबाहेर घालविण्यापलीकडे लष्कराला काही करता येईना! वर्तमानपत्रांत ओरड झाली, आणि दोन महिन्यांत शिक्षेचा कायदा झाला. तरीही १९०२ साली उद्यानात दोन डझनांच्या आसपासच बायसन उरले होते. तेव्हा बाहेरून एकवीस जनावरे विकत आणली. ती बहुतेक ज्या कळपातून आली, तो कळप फ्लॅटहेड खोऱ्यातील आदिवासींनी मैदानातून आणून जगविलेल्या वासरांपासून वाढलेला होता. आज उद्यानात काही हजार बायसन आहेत. सकाळी आमच्या काचेजवळून गेला त्या नराच्या अंगात ज्या वंशाचे रक्त असेल, तो वंश वाचविण्यात ज्यांना येथून हुसकले त्यांच्यासारख्यांचाही हात होता.

संध्याकाळी आम्ही उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडलो. तेथे एक दगडी कमान आहे. १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते तिची कोनशिला बसविली. लोकांच्या हितासाठी आणि आनंदासाठी, अशा अर्थाचे शब्द तिच्या माथ्यावर कोरले आहेत. मी पावसात उभा राहून ते दोनदा वाचले. 'लोक' या शब्दावर नजर अडकली. याच बाजूचा रस्ता २०२२ च्या जून महिन्यात महापुराने वाहून गेला होता. ते उद्यानाचे दीडशेवे वर्ष. त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. उद्यानातील एका शिखराला डोनचे नाव होते. जमातींच्या मागणीवरून ते काढून शिखराला 'पहिल्या लोकांचे शिखर' असे नाव दिले गेले. ओल्ड फेथफुलपाशी जमातींसाठी एक दालनही त्याच वर्षी उघडले. जमीन परत मिळाली असे नाही. पण तेथे माणसे होती, एवढे तरी सरकारी नकाशाने कबूल केले.

परतीच्या विमानात मी आपल्याकडचा हिशेब मांडीत होतो. आपले पहिले राष्ट्रीय उद्यान १९३६ चे, हेली नावाचे. आज ते कॉर्बेट. महाराष्ट्रात पहिले ताडोबा, १९५५ साली. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा, यलोस्टोननंतर बरोबर शंभर वर्षांनी. राष्ट्रीय उद्यानात वस्ती नको, गुरे नकोत, वहिवाट नको, ही कल्पना त्या साच्यातली. वनहक्कांचा कायदा व्हायला २००६ उजाडले. चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले ते २००४ साली. आज त्या रानात गवे आहेत, अस्वले आहेत, धरणाच्या पाण्यावर पक्षी उतरतात. ते राहावेत असे मलाही मनापासून वाटते. वसाहतीतल्या म्हाताऱ्यांनाही वाटते. मी त्यांना विचारले आहे. फक्त गावच्या देवळाचा चौथरा अजून तेथे आहे आणि आंब्याला मोहोर येत असेल, हेही ते सांगतात.

जूनमध्ये शाळा उघडली. पुढे तो धडा आला तेव्हा मी पुस्तक मिटले आणि गोष्ट सांगितली. या वेळी दोन्ही बाजूंची. ती लांबली, एका तासात संपली नाही. शेवटचा नेहमीचा प्रश्न मी विचारला नाही. त्याचे उत्तर आता मलाच सोपे वाटत नव्हते. ती मुलगी आता हायस्कुलात जाते. एके दिवशी एस. टी. च्या थांब्यावर भेटली, तेव्हा मी तिला थांबवून म्हटले, "त्या वेळी मी तुला चुकीचं सांगितलं होतं गं. तिथं लोक राहत होते."

तिला आठवत होते की नाही, कोण जाणे. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग गुरुजी, त्यांच्या गावाचं नाव काय होतं?"

एस. टी. आली आणि ती चढून गेली. मला एकाही गावाचे नाव सांगता आले नव्हते.